रोहायाने आधी स्वतःचं ताट बदललं

रोहाया माझी धाकटी जाऊ. मलेशियातल्या कुचिंगात नदीकाठच्या आमच्या वस्तीत तिच्या हातचा केक लापिस ज्या घरी नाही, त्या घरची ईद फिकीच. लोणी, अंडी, साखर; एक पातळ थर भाजायचा, त्यावर पुढचा ओतायचा. शेवटी केक चौकोनी दिसावा म्हणून कडा कापायच्या. त्या कडा रोहायाच्या तोंडात. बसून जेवणं तिला माहीतच नव्हतं. ओट्याशी उभ्याउभ्या कडा, वर दाट गोड चहा. शेजारी स्टुलावर लेक इफ्फा, दुसरीतली, तीही कडाच चघळत असायची.

शाळेत मुलांची वजनं झाली, इफ्फाचं जास्त भरलं आणि मायलेकींना दवाखान्यात बोलावणं आलं. मीही सोबत गेले. नर्सने विचारलं, "घरी काय काय खाते ही?"

रोहाया शब्द जुळवतेय तोवर इफ्फा ऐटीत म्हणाली, "आई खाते ते सगळं!"

नर्स हसली नाही. "मग एकट्या पोरीच्या ताटाला हात लावून काही व्हायचं नाही," एवढंच म्हणाली.

घरी सासूबाई उखडल्या. "आमचं घराणंच थोराड हाडाचं! पोरीच्या घासावर टपू नका."

बुजांग, माझा दीर, इफ्फाचा बाप, म्हणाला, "उद्यापासून इफ्फाचा केक बंद."

"तिचं काही बंद नाही," रोहाया म्हणाली. "तिला कुणी जाडी म्हणायचं नाही, तिच्या ताटात डोकवायचं नाही. आधी माझं मी बघते."

दुसऱ्या दिवसापासून ती कडा कापल्या कापल्या शेजारीपाजारी वाटू लागली. "आता अख्खी वस्ती फुगवतेस का गं?" सासूबाईंचा टोमणा. संध्याकाळी मात्र सगळ्यांनी एकत्र बसायचं: भात, मासा, मिदिनची, म्हणजे रानातल्या कोवळ्या नेच्याची, पालेभाजी. सोपं नव्हतं ते. एकदा न्हाणीघरामागे कड खाताना ती मला सापडली. तोंड भरलेलं, डोळे भरलेले.

"ताई, कुणाला सांगू नका ना."

मी कशाला सांगतेय! संध्याकाळी ती पुन्हा ताट घेऊन पंगतीत. इफ्फाने कुणी न सांगता आईच्या वाडग्यातली भाजी ओढून घेतली, तेव्हा तिला काही जाणवू नये म्हणून आम्ही दोघी जावांनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

मग तिने नदीवरच्या शर्यतीत बायकांच्या होडीसाठी नाव दिलं. धक्क्यावरून एकजण ओरडला, "होडी बुडवशील गं!"

"बुडली तर पोहत येईन," रोहाया म्हणाली, "पण वल्हं सोडणार नाही!"

आयुष्यभर लोणी फेटून तिचे हात दणकट झालेले. होडीच्या मध्यावर, जिथे खरं बळ लागतं, तिथेच तिला बसवलं.

शर्यतीच्या दिवशी इफ्फा काठाने होडीबरोबर पळत होती, धापा टाकत, गर्दीतून वाट काढत. "ती मधली! माझी आई आहे ती!" होडी तिसरी आली. रोहाया चिखलातून वर चढली आणि पोरीने ओल्या कपड्यांसकट तिला मिठी मारली. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू?

रोहाया आजही अंगाने भरलेलीच आहे. इफ्फा उंच झाली, वजन होतं तिथेच राहिलं. आता दर शनिवारी मायलेकी वल्ही खांद्यावर टाकून निघतात. परवा सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "माझ्या सुनेचे दंड बघितलेस का? बघून घे एकदा!"