मादाम ओदिलच्या विषारी बशा

ब्रुसेल्सच्या आमच्या प्रयोगशाळेत प्राध्यापक तीन आले नि गेले, पण यीस्टचं जेवण शिजवणारी एकच, मादाम ओदिल. शाळा चौदाव्या वर्षी सुटलेली, तरी यीस्टच्या खोड्या तिला तोंडपाठ.

"पेशीला पडदा, पडद्याला दारं. प्रत्येक अमिनो आम्ल आपापल्या दारानं आत जातं," ती मला सांगायची. "बाकी तुमची पुस्तकं म्हणजे बिअरवरचा फेस!"

माझा प्रयोग सोपा होता. कॅनाव्हनीन हे विष आर्जिनीन नावाच्या अमिनो आम्लासारखंच दिसतं. त्याच्याच दारातून ते आत शिरतं आणि पेशी मरते. जिचं दारच बिघडलंय, तीच जगते. मला तसल्या बिघडलेल्या पेशी हव्या होत्या. मादामनं यीस्टच्या जेवणात विष घालून काचेच्या बशा भरून दिल्या.

दोन दिवसांनी बघतो तर प्रत्येक बशीत यीस्टचं रान माजलेलं! प्राध्यापक वेरहास भडकले.

"मादाम, विष घालायला विसरलात. वय झालं आता. सोमवारपासून तुम्ही बाटल्या धुवायला."

मादाम पांढरीफटक पडली. आणि मला आठवलं. पेरताना यीस्ट मरतुकडं वाटलं, म्हणून कळवळून मीच बशांवर खुराक म्हणून आर्जिनीन शिंपडलं होतं. दाराशी आर्जिनीनचीच झुंबड, मग विष शिरणार कुठून? पण माझा प्रबंध वेरहासांच्या हातात होता, आणि भित्रा तर मी जन्माचाच. मूग गिळून बसलो.

मादाम भांडली नाही. आर्जिनीनची बाटली अर्धी झालेली तिनं पाहिली होती. त्याच विषाच्या उरलेल्या दोन बशांवर तिनं यीस्ट पसरलं आणि एकीवरच आर्जिनीन शिंपडलं. तिसऱ्या दिवशी ती बशी भरगच्च, दुसरी कोरी करकरीत.

"विष होतं, मस्यू वेरहास," ती म्हणाली. "आर्जिनीननं दार अडवलं."

"मग ते घातलं कुणी?"

मादामनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी," मी म्हणालो. "पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं मला."

वेरहासांनी तिची माफी मागितली. मला काय काय ऐकवलं ते सांगत नाही. ते गेल्यावर मादाम हात पुसत माझ्यापुढे उभी राहिली.

"यीस्टची दया तुला लगेच आली, बास्तियाँ," ती म्हणाली. "माझी यायला तीन दिवस लागले होय रे?"