प्रवाळाचा तुकडा आणि कोंडवाड्यातले मास्तर

मंडळी, आज भर वर्गात माझी चोरी पकडली गेली, तीही माझ्याच तोंडून.

मी कुंडलजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. आज समुद्रातल्या प्रवाळांचा धडा होता. पोरांना काहीतरी हातात घेऊन बघता यावं म्हणून घरच्या शोकेसमधला प्रवाळाचा पांढरा तुकडा घेऊन गेलो. मोठ्या तळमळीनं सांगितलं, "हे बारीक जिवांनी बांधलेलं घर आहे. समुद्र तापला की ते जीव मरतात. त्यात पर्यटक प्रवाळांवर उभे राहतात, तुकडे तोडून नेतात!"

शाळा समितीवरचे बिरूनाना मागच्या बाकावर बसून ऐकत होते. सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेला माणूस. म्हणाले, "मास्तर, मग ह्यो तुकडा तुमास्नी कुणी दिला?"

"मालवणला पाण्यात उतरलो होतो, तेव्हा..." एवढं बोलून मी थांबलो.

"म्हंजे तुमीच तोडलासा व्हय!" नाना हसायला लागले. "आवं, आमचं मेंढरू राखलेल्या कुरणात शिरलं तर कोंडवाड्यात घालत्यात. त्येला तर वाचायबी येत न्हाई. तुमाला कुठं घालायचं?"

मधल्या सुट्टीत पोरांनी तुकडा वर्गाच्या कपाटात ठेवला आणि खाली चिठ्ठी चिकटवली: "हे आमच्या सरांनी तोडले. तुम्ही तोडू नका."

चिठ्ठी मी काढलेली नाही.

आता तुमच्या शोकेसमध्ये काय आहे ते खरं सांगा. कोंडवाड्यात लय जागा आहे, आणि मी एकटाच आहे.