कापडाची मूठ

माझ्या सासऱ्यांना चाकू दातांनी उघडताना मी पहिल्यांदा पाहिलं, ते मैसूरबाहेर येलवालजवळच्या त्यांच्या जागेत. जागा म्हणजे फार काही नाही. थोडे नारळ, दोन पेरू, एक लिंबू आणि पंपाची खोली. रविवारी सकाळी मी त्यांना स्कूटरवरून तिथे नेत असे. त्या दिवशी त्यांनी पेरू काढला, खिशातला घडीचा चाकू काढला आणि पात्यावरच्या खाचेत अंगठ्याचं नख अडकवून ओढलं. नख सुटलं. पुन्हा ओढलं, पुन्हा सुटलं. मग त्यांनी शांतपणे पात्याची पाठ दातांत धरली आणि मूठ खाली ओढली.

"मामा, अहो ओठ कापेल!" मी ओरडलोच.

"रोजचंच आहे ओ," ते म्हणाले. "अंगठा ऐकत नाही. सुम्ने, उगाच त्याला कशाला त्रास द्यायचा?"

मामांनी जन्मभर मैसूरमध्ये शिंपीकाम केलं. कोट, पँट, सफारी, शाळेचे गणवेश. जाड कापडांवर कात्री चालवून चालवून उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजला होता. अंगठा वाकायचा, पण त्यात जोर उरला नव्हता. डॉक्टरांनी पट्टा दिला होता, तो त्यांनी पंपाच्या पाइपला गुंडाळला होता.

मी साताऱ्याकडचा. नोकरीसाठी मैसूरला आलो आणि इथल्याच मराठी घरात लग्न केलं. सासरची मंडळी पिढ्यान् पिढ्या इथली. घरात मराठीच बोलतात, पण वाक्य मराठीत निघून कन्नडमध्ये पोचतं. सुरुवातीला मामांचं बोलणं मला निम्मंच कळायचं आणि माझं बोलणं त्यांना बातम्यांसारखं वाटायचं. त्यामुळे आमचं संभाषण "जेवलात?" आणि "पाऊस येईलसं दिसतं" यापुढे सहसा जात नसे. रविवारच्या फेऱ्याही बऱ्याचशा मुक्यानंच व्हायच्या.

घरी आल्यावर मी अंगठ्याच्या जोराशिवाय उघडणारे चाकू शोधायला बसलो. बटण दाबलं की पातं उडी मारतं, तसला मला नको होता. साधा, फळं कापायचा हवा होता. पण शोधता शोधता मी भलतीकडेच गेलो. प्रत्येक चाकूच्या नावाखाली पात्याच्या पोलादाचंही नाव लिहिलेलं होतं. अक्षरं आणि आकडे, मोटारीच्या नंबरासारखे. तोवर माझ्या लेखी पोलाद दोन प्रकारचं होतं: गंजणारं आणि न गंजणारं. आता कळलं की यात एक आख्खं गाव वसलेलं आहे. कार्बन वाढवला की पातं कडक होतं आणि धार टिकते, पण जास्त कडक झालं की ठिसूळ होतं. क्रोमियम गंज अडवतं. व्हॅनेडियम घातलं की पोलादात अतिशय कठीण कण तयार होतात आणि धार महिनोन् महिने हटत नाही. मात्र तीच धार पुन्हा लावायची वेळ आली की साधा दगड हरतो. टिकाऊ धार, चिवटपणा आणि गंजाला विरोध, हे तिन्ही एकाच पात्यात पुरेपूर मिळत नाहीत. एक ओढलं की दुसरं आखडतं. बायको म्हणाली, "एक पेरू कापायचाय, अल्वा? त्याला एवढं?" तिचं 'अल्वा' म्हणजे आपलं 'नाही का'. मी पुढे वाचत राहिलो.

पहिला चाकू आणला तो डी-टू नावाच्या पोलादाचा. कारखान्यात पत्रे कापायच्या साच्यांना हे पोलाद वापरतात, हे वाचून मला भारी वाटलं होतं. पात्याला अंगठा घालून ढकलायला गोल भोक होतं. भोकात अंगठा नुसता टेकवून हात फिरवला की पातं उघडायचं. मामा खूश झाले. मी तो आणखी हलका फिरावा म्हणून खोलला आणि पातं ज्यावर फिरतं त्या खिळ्याजवळचे वॉशर काढून तिथे बेअरिंगचे छर्रे बसवायला घेतले. मोहरीपेक्षाही लहान छर्रे. डबी कलंडली आणि छर्रे फरशीभर पांगले. मी गुडघ्यांवर बसून चाचपडत होतो, तेवढ्यात मामा उठले, टाचण्या गोळा करायचं आपलं जुनं लोहचुंबक घेऊन आले आणि फरशीवरून सावकाश फिरवलं. टिक, टिक, टिक. मग चुंबकाला चिकटलेला एक छर्रा नखावर घेऊन बराच वेळ पाहत राहिले.

"हा इतका गोल कसा करतात ओ?"

मला माहीत नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून ते शोधून काढलं. तारेचे तुकडे साच्यात दाबून ओबडधोबड गोळ्या करायच्या आणि मग दोन खाचदार चकत्यांमध्ये एकसारख्या घासत ठेवायच्या. "शेवयांच्या पिठाची गोळी तळहातांत फिरवतो तसं," मामा म्हणाले. आमचं ते बहुधा पहिलं लांबलचक बोलणं.

त्या चाकूत दोन अडचणी निघाल्या. उघडायचा झोकात, पण मिटायला मुठीतली पत्र्याची पट्टी अंगठ्यानं बाजूला दाबावी लागे. म्हणजे पुन्हा अंगठाच. आणि लिंबू कापून पातं तसंच मिटून ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी त्यावर करडे डाग. मामांना डागांचा राग आला नाही. त्यांनी मुद्दाम पात्याच्या अर्ध्या भागाला तेल लावलं, अर्धा कोरडा ठेवला, वर लिंबाची फोड ठेवली आणि दुपारी झोपायला गेले. उठल्यावर मला ऑफिसात फोन: "नोडी, बघा, तेलाचा भाग साफ आहे. कोरडा काळा पडला." मी मीटिंगमध्ये होतो. बाहेर येऊन ऐकलं.

दुसरा चाकू मी निव्वळ मोहानं घेतला. एस-नव्वद-व्ही. हे पोलाद भुकटीपासून करतात हे मी मामांना सांगितलं, तेव्हा ते शिवणयंत्राच्या स्टुलावर नीट सरसावून बसले.

"भुकटी? रव्यासारखी?"

"रव्याहून बारीक. वितळलेल्या पोलादाचा फवारा मारतात, थेंब हवेतच गोठतात. मग ती भुकटी तापवून, दाबून पुन्हा ठोकळा करतात."

"एकदा वितळलं होतं ना? तसंच ओतायचं. पुन्हा भुकटी कशाला?"

"संथ गार झालं तर आतले कठीण कण मोठे होतात, एकीकडे गोळा होतात. भुकटीत ते बारीक राहतात, सगळीकडे सारखे."

त्यांनी मान हलवली आणि परीक्षा घ्यायची ठरवली. सुतळी कापली, पुठ्ठा कापला, कोटाच्या कॉलरमध्ये घालतात ते कडक बक्रम कापलं. मधूनमधून अस्तराच्या रेशमी चिंधीवर पातं फिरवून पाहायचे. धार कुठे अडली तर धागा ओढला जातो. धागा ओढला गेला नाही. आठवडाभर रोज कापाकापी करूनही नाही. "राक्षस आहे," मामा म्हणाले.

मग येलवालला त्यांनी त्या राक्षसानं करवंटीतून खोबरं उचकटलं. पातं किंचित तिरकं झालं आणि धारेतून तांदळाच्या कणीएवढा तुकडा निघून गेला. मामा हिरमुसले. मी म्हटलं, दगडावर घासून काढू. घरातल्या दगडावर पातं नुसतं घसरत राहिलं. शेवटी हिऱ्याची पूड लावलेली पट्टी मागवावी लागली. कित्येक संध्याकाळी आम्ही आळीपाळीनं घासत बसलो. टवका गेला, पण पातंही थोडं अरुंद झालं. त्या संध्याकाळी मला जाणवलं की हा चाकू आणताना मी मामांच्या अंगठ्याचा विचारच केला नव्हता. तोही मिटायला त्यांना माझ्याकडे द्यावा लागत होता.

तिसरा चाकू आम्ही शेजारी बसून निवडला. आधी कुलूप, मग पोलाद. या चाकूत मुठीच्या दोन्ही बाजूंनी डोकावणारी एक आडवी कांडी होती. कोणत्याही दोन बोटांनी ती मागे ओढली की पातं मोकळं झुलतं. उघडतंही तसंच, मिटतंही तसंच. अंगठ्याला सुट्टी. पातं चौदा-सी-अठ्ठावीस-एन या साध्या, बारीक पोताच्या पोलादाचं. लिंबाला घाबरत नाही, करवंटीला पटकन तुटत नाही, धार लवकर जाते पण साध्या दगडावर चार हात मारले की परत येते. मला मनातून ते जरा मिळमिळीत वाटत होतं. मामांनी विचारलं, "धार मला स्वतःला लावता येईल ना?" मी हो म्हटलं. "सरी. हाच."

एकच तक्रार राहिली. मूठ गुळगुळीत धातूची होती. पेरूच्या रसानं हात ओला झाला की सरकायची. अशा चाकूंच्या मुठी बदलता येतात, हे मी वाचलं होतं. त्यातली एक जात कापडाची असते, कापडाचे थर राळेत बुडवून दाबलेले. मी हे सहज बोललो आणि मामांनी हातातला चाकू खाली ठेवला.

"कापडाची मूठ? आपल्या कापडाची होईल?"

दुकान बंद करताना त्यांनी चिंध्यांचं गाठोडं टाकलं नव्हतं. ते पलंगाखालून बाहेर आलं. खाकी ड्रिल, करडं वूल, निळं सर्ज, थोडं तांबडं, काळं अस्तर. मी राळ आणि तिला कडक करणारं दुसरं औषध आणलं. मामांनी सगळे तुकडे एका मापाचे कापले आणि उभा-आडवा धागा बदलत थर रचले, मी प्रत्येक थराला राळ चोपडली. वूलनं राळ एवढी प्यायली की डबा संपतो की काय असं वाटलं. दोन फळ्यांमध्ये ती चवड धरून शिकंजे आवळले. बायकोनं खिडक्या उघडल्या आणि वासामुळे आम्हाला गच्चीवर हाकललं.

दुसऱ्या दिवशी फळ्यांमधून निघाली ती एक काळपट, ओबडधोबड वीट. मला वाटलं, बिघडलं. मामांनी ती शिकंज्यात धरायला लावली आणि मी करवतीनं तिच्या दोन चपट्या पट्ट्या काढल्या. जुनी मूठ वर ठेवून स्क्रूची भोकं पाडली. मग कडा गोलसर करायला पॉलिश पेपर घेतला, आणि घासता घासता थर उघडे पडायला लागले. जिथे कड उतरती झाली तिथे रेषा रुंद झाल्या, नकाशातल्या डोंगरांसारख्या. मामा फक्त "स्वल्प आणखी, स्वल्प आणखी" म्हणत होते. पट्ट्या चाकूला स्क्रूनं बसवल्या. हात ओला करून मूठ धरली, तेव्हा ती घसरली नाही.

बायको चहा घेऊन आली. तिनं चाकू हातात घेऊन मूठ खिडकीकडे वळवली. खाकी आणि निळ्याच्या मध्ये एक बारीक तांबडी रेघ होती.

"पप्पा, हे माझ्या बालवाडीच्या गणवेशाचं, अल्वा?"

मामांनी जवळून पाहिलं. "छे. हे लग्नाच्या बँडवाल्यांच्या कोटाचं. त्यांना तसलंच भडक लागायचं."

"मग माझं कुठे आहे?"

"तुझं हिरवं होतं. चौकड्याचं."

"या मुठीत घातलं नाही?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मी राळेच्या डब्यात पाहिलं. तळाशी थोडी होती. पहिल्या चाकूची मूठही स्क्रूचीच आहे, बदलता येईल, मी म्हटलं. त्यांनी चष्मा लावला, जमिनीवर मांडी घातली आणि गाठोड्याच्या तळाशी हात घातला.