खिडकीतला कोंबडा

मंडळी, सकाळपासून डोक्यात एक कोंबडा येऊन बसलाय. त्याचं काय करू, सांगा.

आज ऑफिसातल्या स्टेलाच्या बाळाचा बाप्तिस्मा होता, खडकीच्या चर्चमध्ये. तिथल्या रंगीत काचेच्या खिडकीत एक दाढीवाले संत होते, हातात दोन किल्ल्या. इथवर ठीक. पण पायाशी चक्क कोंबडा!

न राहवून स्टेलाच्या आईंना विचारलं. "ते संत पीटर, येशूचे पट्टशिष्य," काकू म्हणाल्या. "येशूला पकडलं, तेव्हा घाबरून तीनदा म्हणाले, मी या माणसाला ओळखत नाही. येशूने आधीच सांगितलं होतं, तसा लगेच कोंबडा आरवला."

"मग असली लाजिरवाणी गोष्ट खिडकीत कशाला काढायची?"

"अगं, स्वर्गाच्या किल्ल्या त्यांच्याच हातात आहेत ना!"

मला काही झेपेना. माणूस आपली चूक झाकून ठेवतो. इथे तर ती उन्हात लखलखत होती.

तेवढ्यात स्टेला कुणाला तरी माझी ओळख करून देत म्हणाली, "हिचे बाबा इथल्याच कारखान्यात मोठे साहेब होते."

ही थाप ऑफिसात मीच मारलेली. बाबा तिथे लेथ मशीनवर कामगार होते. घरी आल्यावर हाताचं तेल रॉकेलने काढायचे आणि मगच मला उचलून घ्यायचे.

मी नुसती हसले.

आता घरी आलेय. समोर बाबा बसलेत. विचारतायत, "मग, काय काय बघितलंस चर्चमध्ये?"

कोंबड्याचं सांगितलं, तर पुढचंही सांगावं लागेल. सांगू?