खारीनं खाल्ल्याशिवाय

माझा थोरला भाऊ लढाईवरून धडधाकट परत आला, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणारा उगाच त्याच्याच काळजीत राहायचा. काळजी करायची ती आईची. तो परमुलखात बंदूक घेऊन हिंडत होता तेव्हा इकडं आई एका खारीपायी मरणाच्या दारात जाऊन बसली होती.

खार दादाचीच. लिंबाखाली पडलेलं पिल्लू त्यानं उचलून आणलं आणि कापसाच्या वातीनं दूध पाजून जगवलं. मोठी झाल्यावर ती त्याच्या खांद्यावर बसून मळ्यात जायची आणि जेवताना खुशाल त्याच्या ताटातलं उचलायची. मग एक दिवस आबांना, म्हणजे वडलांना, न विचारता दादा साताऱ्याला जाऊन पलटणीत भरती झाला. आबांचा धाकटा भाऊ आधीच्या लढाईत गेला होता, तो परत आला नव्हता. दादा निरोप घ्यायला आला तेव्हा आबा मळ्यातून घरी फिरकलेच नाहीत. "मला ल्योक न्हाई," एवढं म्हणाले आणि त्यानंतर त्यांनी दादाचं नाव तोंडातून काढलं नाही. आमच्या घरात रुसायचं ते असं, सालगड्यासारखं वर्षाच्या बोलीनं.

दादा निघताना आईला म्हणाला, "मी येईस्तवर माझा घास हिला घालत जा." तो थट्टेत बोलला आणि आईनं ते व्रत करून घेतलं. दोन्ही वेळा ताट वाढलं की पहिला घास दादाच्या नावानं खारीला. तिनं खाल्ला की मग आई जेवायची. आणि घास दादाच्या आवडीचा. खारे शेंगदाणे, भाकरीचा कुरकुरीत पापुद्रा, वर लसणाची चटणी. त्या एवढ्याशा जिवाला चटणी सोसते का, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. ती चवीनं खायची, आई समाधानानं बघायची.

दिवाळीच्या सुमाराला खार एका जागी बसून राहायला लागली. मधेच अंग आखडायची, शेपटी वर धरायची, बारीक कण्हायची, आणि खाली थेंबही पडायचा नाही. पडलाच तर तांबूस. पोट टम्म फुगलं. लघवी अडली होती, ते दिसतच होतं. मग तिनं खाणं टाकलं आणि त्याच वेळेपासून आईनंही टाकलं.

आई आधीच हिवतापातून कशीबशी उठलेली. डोळे खोल गेलेले, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकून खुळखुळत होत्या. मी विनवण्या केल्या, मग भांडले. "आगं, ती आजारी हाय म्हून खात न्हाई. तू खा की!"

"तिनं न्हाई खाल्लं म्हंजी त्यानं न्हाई खाल्लं," आई म्हणाली. "त्यो उपाशी असताना मी कशी गिळू?"

मला तिचा इतका राग आला की मी परसात जाऊन रडले.

शेजारच्या काकू धावून आल्या. लहान मुलांची लघवी अडली की उंदराच्या लेंड्या वाटून बेंबीवर लावतात, तेच त्यांनी सांगितलं. खारीची बेंबी कुठं शोधायची? सगळ्या पोटालाच लेप दिला. रंगपंचमीची उरलेली पळसाची वाळकी फुलं शिजवून त्यांचा शेक दिला. खार माझ्या बोटाला कडकडून चावली, बाकी काही झालं नाही. नंतर तर ती चावायचीही थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई जात्यावर बसली आणि बसल्या जागी कलंडली. आबा दारातच होते. त्यांनी तिला उचलून घोंगडीवर निजवलं, तोंडावर पाणी मारलं. तिनं डोळे उघडले. काकूंनी पेज आणली, तिनं ओठ मिटून घेतले. आबा ओरडतील असं मला वाटलं. ते बाहेर गेले आणि गाडीला बैल जुंपून मला म्हणाले, "टोपली घे."

तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर नव्हते. गुरांत बुळकांडीची साथ होती, ते गावोगाव लस टोचत फिरत होते. कंपाउंडरनं टोपलीवरचं फडकं उचललं आणि तो हसत सुटला. "आवं पाटील, हितं म्हसरं येत्यात. खारीला कुठलं औषध? द्या सोडून रानात."

खरं तर हेच आबा वर्षभर म्हणत आले होते. पण ते असे लाल झाले की मी बाजूला सरकले. "सोडायची आसती तर तुज्या दारात आनली आसती व्हय?" म्हणाले, आणि गाडी सांगलीच्या वाटेला लावली.

ती वाट मला अजून नको वाटते. धुळीत, उन्हात मी टोपली मांडीवर घेऊन बसले होते. ओलं फडकं तिच्या पोटाला लावत होते आणि मनात एकच धोशा चालू होता, मूत गं बाई, एकदाची मूत. देवाजवळ मी नवरा मागितला नव्हता, दागिना मागितला नव्हता. खारीचं मूत मागत होते. हसू येतं आता. तेव्हा खार गेली तर आई जाणार, एवढंच मला कळत होतं.

सांगलीला संस्थानचे डॉक्टर होते, हत्तीघोड्यांना तपासणारे. म्हशींच्या गर्दीतून आबा पुढं घुसले आणि कुणालाही हात न जोडणारा तो माणूस हात जोडून उभा राहिला. "सायेब, हिला वाचवा. घरात बायकू मरंल."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी खार तळहातावर घेतली, कोमट पाण्याचा बोळा फिरवत दोन बोटांनी ओटीपोट अगदी हलकं दाबलं. बऱ्याच वेळानं थोडं तांबडं पाणी आलं, त्यात वाळूसारखी कचकच. मी आनंदानं ओरडलेच.

"मुतखडा आहे," ते म्हणाले. "खायला काय घालता?"

मी सांगितलं. खारे शेंगदाणे, भाकरी, चटणी.

"मीठ? हिला? आणि पाणी?"

पाणी ती दादाच्या तांब्यातून प्यायची. तो गेल्यापासून न्हाणीत सांडलेलं चाटेल तेवढंच; तिला वेगळं पाणी ठेवायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"ते सगळं आजपासून बंद. तुमच्या ताटातला एक कण द्यायचा नाही. पाणी, काकडी, कोवळा पाला. खडा अजून आत आहे, आणि लघवी काढायची माझी सगळ्यांत बारीक नळीसुद्धा हिच्या पायाएवढी जाड. जगेल असं मी सांगू शकत नाही."

आबांनी मान हलवली. बाजारातून काकड्या घेतल्या. परतीच्या वाटेवर ते एकदाच बोलले. "घास घालायचा न्हाई म्हन्तोय. आता तुज्या आयला काय सांगू?" हे ते मला विचारत होते.

दिवेलागणीला घरी पोचलो. आई चुलीपुढं भिंतीला टेकून बसली होती. समोर ताट वाढलेलं, पहिला घास मोडून बाजूला ठेवलेला. मी खारीला तिच्या मांडीवर ठेवलं आणि डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. तिनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. तिनं घास उचलून खारीच्या तोंडाशी नेला. खारीनं मान वळवली नाही की नाक हलवलं नाही. आईनं बोटानं तिची पाठ चाचपली, पुन्हा चाचपली.

"गेली," आई म्हणाली. "आता माज्या पोराला कोन घालनार?"

रडली असती तर बरं झालं असतं. ती घास हातात धरून नुसती बघत राहिली. मला वाटलं, आता ही काही उठत नाही.

आबा उंबऱ्यात उभे होते. ते आत आले, खार तिच्या मांडीवरून उचलून माझ्या ओच्यात दिली आणि आईच्या पुढ्यात मांडी घालून बसले.

"मला दे."

आईला कळलं नाही.

"त्याचा घास. मला दे. जनावर हुतं, गेलं. त्यो हाय. बापानं खाल्लेला त्याला पोचत न्हाई व्हय?" आणि त्यांनी तोंड उघडलं.

आमच्या घरात नवऱ्याचं बायकोशी बोलणंसुद्धा चारचौघांत होत नसे. मी मान खाली घालायला हवी होती, घातली नाही. आईनं हात वर नेला. तिनं घास भरवला. आबा चावायला लागले आणि चावता चावता त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं, डोळ्यांतून पाणी मिशीवर आलं. आई त्यांच्या गळ्याकडं टक लावून बघत होती.

आबांनी घास कसाबसा गिळला. मग भाकरीचा तुकडा मोडून तिच्यापुढं धरला, आणि आईनं तोंड उघडलं.