कम्प्युटरखालची कळशी

माझा मोठा भाऊ शिरवळला एका कारखान्यात इंजिनीअर होता आणि दर शनिवारी संध्याकाळी सांगलीला घरी यायचा. आला की आई त्याला गरम भाकरी वाढायची आणि तो आम्हा सगळ्यांना अक्कल शिकवायचा. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा ही अक्कल माझ्या कम्प्युटरवर येऊन पडली.

कम्प्युटर माझा, माझ्या कमाईचा. त्यावर मी लग्नपत्रिका, स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल असली कामं करायची. बसायची पुढच्या खोलीत, आणि तिथंच बाबा गाण्याच्या शिकवण्या घ्यायचे. त्यांचा तानपुरा काळी एकला लावलेला, आणि माझ्या मशीनचा पंखा काळी दोनच्या आसपास घरघरत राहायचा. शिकायला येणाऱ्या मुलींचा सा हळूहळू पंख्याकडे सरकायचा. एक दिवस बाबा म्हणाले, "या खोलीत एक तर हे यंत्र राहील, नाही तर गाणं." दोघांतलं कोण जाणार हे सांगायची गरज नव्हती.

मी दादाची खोली मागितली. आठवडाभर ती रिकामीच असायची. आई म्हणाली, "आन् तो आला म्हंजी कुटं झोपायचा?" विषय संपला.

मग दादाने मोठ्या मनाने माझा प्रश्न हातात घेतला. "प्रोसेसरवरचा पंखाच काढून टाकू. पाण्याने गार करू. वॉटर कूलिंग. परदेशात करतात लोक." परदेशात लोक काय करतात ते त्याला शिरवळहून स्वच्छ दिसायचं. पुढचे कित्येक रविवार नुसतं प्लॅनिंग चाललं. स्वतःच्या खोलीत जमिनीवर मोठा कागद पसरून तो बाण काढत बसायचा. गार पाण्याचे निळे, गरम पाण्याचे तांबडे. बाण फार सुबक होते, त्यात वाद नाही. मी विचारलं, "पाणी गळलं तर?" तो नुसता हसला. बहिणीच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं हे त्याच्या शिक्षणात कुठं आलेलंच नव्हतं.

अखेर एकदाचं ते उभं राहिलं. तांबटाकडून करून घेतलेली एक पोकळ डबी प्रोसेसरवर बसली. नळी म्हणून गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी, पाणी निवायला भंगारातून आणलेली एका मोटारीच्या हीटरची जाळी, आणि कूलरमधला छोटा पंप. पाणी साठवायला आईची तांब्याची कळशी, तिला न विचारता उचललेली. हे सगळं टेबलाखाली प्लायवूडच्या खोक्यात घातलं आणि आवाज दबावा म्हणून खोक्याला आतून जुन्या गोधडीचे तुकडे ठोकले. गार करायच्या यंत्राला गोधडी पांघरणारा इंजिनीअर मी तरी दुसरा पाहिला नाही.

पण चाललं. पंप बारीक गुणगुणायचा, तेवढं बाबांनी चालवून घेतलं. दादाने मला ताकीद दिली, "खोक्याला हात लावू नकोस, तुला कळायचं नाही." आईला त्याने काहीच सांगितलं नाही. तिचा कम्प्युटरशी काय संबंध?

आई जतकडची, टँकरच्या पाण्यावर वाढलेली. सकाळी नळ आला की घरातलं सगळं शिळं पाणी आधी झाडांना घालायचं, भांडी घासायची, मग ताजं भरायचं, हा तिचा नेम आजारपणातही मोडत नसे. कळशी काही दिवस दिसेना, तेव्हा शोधत शोधत ती टेबलाखाली पोचली. पंपाचं बटण नीट बंद केलं, नळ्या बाजूला ठेवल्या, पाणी जास्वंदीला घातलं, कळशी चिंचेने लख्ख घासली आणि ओट्यावर पालथी घातली.

त्या दिवशी मला एका पतसंस्थेचा अहवाल पुरा करून द्यायचा होता. मशीन लावलं, तर कसलाच आवाज नाही. बाबा डोळे मिटून म्हणाले, "वा! आज घर सुरात आहे." मीही खूश झाले. थोड्या वेळात पडदा गोठला आणि पाठोपाठ करपल्याचा वास आला. प्रोसेसर गेला, त्याच्याखालचा बोर्डही गेला. अहवालाचं काम दुसरीकडे गेलं, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा आमच्या दारात आलं नाही.

शनिवारी दादा आला, खोकं उघडून पाहिलं आणि आईवर ओरडला, "तुला एवढंसुद्धा कळत नाही? सिस्टीमचं पाणी होतं ते!"

"शिळं हुतं," आई म्हणाली. "मला कुनी सांगितलं हुतं?"

"तुला सांगून काय उपयोग होता?"

बाबा तानपुऱ्याची गवसणी सारखी करत बसले. दादा जेवता जेवता खोक्याला कुलूप कसं बसवायचं ते समजावू लागला. पाणी कुठून कुठं जातं ते दाखवायला त्याने इतके बाण काढले, पण या घरात पाणी भरतं कोण, हे त्याच्या कागदावर कुठंच नव्हतं. आईने त्याला आणखी एक भाकरी वाढली.

रविवारी सकाळी पाणी भरून झाल्यावर ती त्याच्या खोलीत गेली. झोपलेल्या दादाला उठवलं, गादी गुंडाळली आणि खाट फरफटत पुढच्या खोलीत आणून तानपुऱ्याशेजारी ठेवली. मला म्हणाली, "जा, तुजं टेबल आत घे."

बाबा गडबडले. "अगं, इथं पहाटे माझा रियाज असतो. हा झोपणार कसा?"

"त्याला आवाज बंद करता येतोय न्हवं?" आई पदराला हात पुसत म्हणाली. "तुमचाबी करंल."