मागच्या भिंतीवरचे कोष

शेडचं दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. आत आवाज नव्हता.

रेशमाच्या अळ्या शेवटच्या आठवड्यात अधाशासारखा तुतीचा पाला खातात. अख्खी शेड कुरकुरत असते. तामलवाडीच्या सुमनताईंच्या शेडमध्ये मात्र रॅकभर अळ्या माना वर करून नुसत्या डोलत होत्या. मी रेशीम तंत्रज्ञ, रोज अळ्या हाताळते. तरी अंगावर काटा आला.

"पाला कुठाय ताई?"

"निम्मी तुती मोडून सोयाबीन पेरलं, मॅडम. भाव लई चांगला व्हता."

"आणि अळ्यांची अंडी?"

"ती दरवेळच्याएवढीच आणली की."

म्हणजे दोन्ही हवं होतं. एका रानात सोयाबीन घेतलं की तिथल्या तुतीवर, म्हणजे तेवढ्या रेशमावर पाणी सोडावं लागतं. त्या सोडलेल्या रेशमालाच अर्थशास्त्रात संधी खर्च म्हणतात. ताईंनी तो धरलाच नव्हता. आता तो रॅकवर डोलत होता.

मी आमच्या रेशीम कार्यालयातल्या साहेबांना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"निम्म्या अळ्या काढून टाका," ते म्हणाले. "सगळ्या अर्धपोटी राहिल्या तर एकही कोष धड येणार नाही."

"जित्या टाकायच्या?" ताईंनी विचारलं.

"नाहीतर उरलेल्याही जातील. पोरीचं नर्सिंगचं ॲडमिशन याच बॅचवर आहे म्हणालात ना?" मी म्हणाले.

ताईंनी कोपऱ्यातली टोपली ओढली. मग म्हणाल्या, "निवडायच्या कशा?"

"निवडत बसू नका. डावीकडची रॅक रिकामी करा," फोनवरून साहेब म्हणाले.

टोपल्या भरून आम्ही त्या शेडमागच्या खड्ड्यात ओतल्या. माती लोटायला ताईंचा हात उठेना. मलाही आग्रह करवला नाही.

पुढच्या आठवड्यात गेले तर उजव्या रॅकवर टपोरे, पांढरेशुभ्र कोष. मला हायसं वाटलं. ताई मात्र हसल्या नाहीत.

"मागं या जरा."

मागच्या भिंतीवर कोषच कोष लटकले होते. खड्ड्यातून चढून अळ्यांनी विणले होते, तेही नेमके त्या टोकाला, जिथं आत डावी रॅक होती. इतके पातळ, की आत अळी वळताना दिसत होती.

"यांना पाला कुणी घातला?"

"कुणीच न्हाय, मॅडम."

उपाशी अळी मरायच्या आधी जमेल तेवढं विणते, हे मला पाठ होतं. तरी मी तिथं जास्त वेळ थांबले नाही.

उजवीकडचा माल चांगला गेला, पोरीचं ॲडमिशन झालं. भिंतीवरचे कोष व्यापाऱ्यानं हातातही घेतले नाहीत. निवड बरोबर असली तरी तिचा खर्च टळत नाही, एवढंच मी शिकले.

पुढच्या खेपेला ताईंनी अंडी निम्मीच मागितली.

"भिंत बघून आले," म्हणाल्या.